पट्टे काढलेलं लग्न

माझ्या वडिलांना टीव्हीवरचे काळे पट्टे सहन होत नाहीत. सिनेमा रुंद असला की वर-खाली पट्टे येतात, जुना असला की डावी-उजवीकडे. बाबांच्या लेखी दोन्ही गुन्हे सारखेच. "एवढा मोठा टीव्ही घेतला तो काय काळं बघायला?" म्हणत ते रिमोट उचलतात आणि चित्र झूम करतात. मग नटाचं कपाळ जातं, नाचणाऱ्या बाईचे पाय जातात, खालची अक्षरं अर्धी होतात. ते झूम तसंच ठेवून ते क्रिकेट लावतात. स्कोर पडद्याबाहेर गेलेला असतो, त्यामुळं दर षटकाला स्वयंपाकघराकडं तोंड करून मला विचारतात, "किती झाले गं?" मी मोबाइलवर बघून सांगते. पूर्वी भांडायचे, समजावून सांगायचे. पालथ्या घड्यावर पाणी. मला मुळात धीर कमी आणि त्यांना ऐकायची सवय नाही, त्यामुळं आमच्या घरात ह्या पट्ट्यांवरून जितका आवाज चढलाय तितका दुसऱ्या कशावरून चढला नसेल.

ताईच्या लग्नाला यंदा पंचवीस वर्षं झाली. लग्न वैजापूरला झालं होतं, बाबा तेव्हा तिथं तहसील कचेरीत होते. लग्नाची व्हिडिओ कॅसेट होती, पण प्लेअर बिघडल्यापासून ती कपाटात पडून होती. आई लग्नानंतर दोनेक वर्षांतच गेली. तिचे फोटो आहेत, पण कॅमेरा दिसला की ती काठी गिळल्यासारखी ताठ व्हायची, त्यामुळं फोटोतली बाई आमच्या आईसारखी दिसतच नाही. हलती-बोलती आई फक्त त्या कॅसेटमध्ये, आणि तीही एकदाच. आमच्याकडं मुलीच्या आईनं मंगलाष्टकांना उभं राहायचं नसतं, आत तुळशीपाशी बसायचं असतं. पंगतीत ती वाढणाऱ्यांच्या मागं, पाठवणीला तिचं तोंड पदरात. सगळ्या कॅसेटभर ती समोरून दिसते ती एवढीच: जावयाचे पाय धुतायत बाबा, आणि ती शेजारी वाकून झारीनं पाणी घालतेय.

"मला ना, आईचं बोलणं-चालणं आठवेनासंच झालंय गं," ताई मागं एकदा फोनवर म्हणाली होती. "चेहरा आठवतो, पण तो फोटोतलाच." मी बाबांना ते सांगितलं. पुढच्याच आठवड्यात बाबा कॅसेट पिशवीत घालून एकटेच गुलमंडीच्या बाजारातल्या एका दुकानात गेले आणि सगळं लग्न पेनड्राइव्हवर उतरवून आणलं. पुण्याहून ताई येईल तेव्हा सगळ्यांनी मिळून बघायचं, तोवर कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला.

ताई यायची त्या शनिवारी दुपारी बाबा आतल्या खोलीत झोपले होते. मला राहवेना. टीव्हीवर नीट चालतंय का एवढंच बघावं म्हणून आवाज बंद करून मी पेनड्राइव्ह लावला. चित्रानं पडदा काठोकाठ भरला. जुनी कॅसेट, म्हणजे दोन्ही बाजूंना पट्टे यायलाच हवेत. ते नव्हते. मी ते पुढं पळवत पाय धुण्यापर्यंत गेले. ताई होती, भाऊजी गुडघ्यापर्यंत होते, बाबा छातीपर्यंत. आईच्या जागी पडद्याच्या खालच्या काठावर अंबाड्यावरचा गजरा तेवढा हलत होता. जरा वेळानं तोही गेला आणि कॅमेरा आहेर घेऊन आलेल्या पाहुण्यांकडं वळला.

मी रिमोटवरचं झूम काढलं. वाइड केलं, ओरिजिनल केलं, ऑटो केलं. टीव्ही बंद करून चालू केला. पेनड्राइव्ह काढून फुंकर मारली, जणू आई त्यात धुळीखाली अडकली होती. शेवटी चप्पल अडकवली आणि भर उन्हात स्कूटर काढली.

दुकानदारानं माझं ऐकून घेतलं आणि त्याला त्यात काही वावगं दिसेना. "मॅडम, काका खुद बोले, पट्टे नको. सगळेच तसं म्हणतात. पट्टे ठेवले तर लोक भांडायला येतात, म्हणून आम्ही वरचं-खालचं थोडं काटके पूरा भरून देतो."

"आणि न कापलेलं?"

"ते डिलीट करतो. कॅसेट दिली ना काकांना परत."

कॅसेट आहे म्हटल्यावर माझ्या जिवात जीव आला. घरी येऊन कपाट उपसलं, माळा उपसला. आवाजानं बाबा उठून आले. मी शक्य तितक्या सहज विचारलं, "ती लग्नाची कॅसेट कुठं ठेवलीत?"

"भंगारात दिली की, रद्दीसंगं. सगळं त्या एवढ्याशात आलं म्हटल्यावर फजूल कशाला सांभाळायची?"

ते इतके खूश दिसत होते की मी उपसलेलं सामान परत कपाटात कोंबायला लागले. राग आला होता, पार टोकाचा. त्यांना खांद्याला धरून हलवावं असं वाटत होतं. पण ताईची बस शहरात शिरली होती, आणि बाबांनी स्वतः जाऊन तिच्यासाठी इमरती आणून ठेवली होती.

संध्याकाळी त्यांनी ताईला टीव्हीसमोर मधोमध बसवलं. "बघ, एक पट्टा नाय," ते म्हणाले. लग्न सुरू झालं. त्यावर तेव्हाच्या व्हिडिओवाल्यानं सनई चढवलेली, कुणाचंच बोलणं ऐकू येत नव्हतं. ताई हसत होती, मामा किती बारीक होते म्हणत होती. मी चहा केला, कप उचलले, गॅस बंद आहे का ते दोनदा बघून आले. आत्ता सांगावं का? पेनड्राइव्ह बिघडला म्हणून काढून घ्यावा का?

"अगं, बस की एका जागी," ताई म्हणाली.

मी बसले. पाय धुणं आलं. इथं व्हिडिओवाल्यानं सनई घातली नव्हती, गुरुजींचे मंत्र ऐकू यायला लागले. ताई पुढं सरकली. गजरा दिसला. ती अजून पुढं सरकली. "आई कुठंय?"

बाबांनी रिमोट उचलला. झूम काढलं. काहीच बदललं नाही. त्यांनी परत दाबलं, परत दाबलं, आणि मग रिमोट माझ्याकडं धरला. "पट्टे आण गं. लवकर आण."

"नाही येणार, बाबा. दुकानातच कापलंय सगळं."

त्यांनी रिमोट खाली ठेवला. "मीच सांगितलं त्याला," ते म्हणाले.

तेवढ्यात टीव्हीतून, चित्राच्या खालून आवाज आला. मंत्रांच्या मधून, अगदी जवळून, जरासा वैतागलेला. "अहो, पाणी सांडतंय. हात पुढं करा की."

ताईनं तोंडावर हात ठेवला. मला तो आवाज ओळखायला क्षणभर लागला, आणि त्याची मला अजून लाज वाटते. पडद्यावरच्या बाबांनी मान वळवून खाली बघितलं, जिथं चित्र संपत होतं तिथं, आणि हसले. असं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"मागं घे," ताई म्हणाली. मी मागं घेतलं. परत घेतलं. पुढच्या वेळी आई म्हणाली, "हात पुढं करा की," तेव्हा माझ्या शेजारी बसलेले बाबा हळूच म्हणाले, "व्हय. केला."