भावाच्या मेलवर गेलेली पोच

“काय गं, तुझं लगीन कवा झालं? आमाला साधी पत्रिका पन न्हाई!”

शनिवारी सकाळी माझा चुलतभाऊ आमच्या दारात मोटरसायकलवर बसूनच मला हे विचारत होता. मी धुणं वाळत घालत होते. मला वाटलं, नेहमीसारखी चेष्टा.

“नवरा मारतो असं लिवलंयस. मेल आलाय मला. बग.” त्यानं मोबाईल माझ्यासमोर धरला.

तो माझाच फॉर्म होता. मी बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. यंदा प्रकल्पासाठी मी सर्वेक्षण घेत होते. तरुण मुलींना घरात, नात्यात, जवळच्या माणसांकडून मारहाण, धमक्या, अडवणूक होते का, एवढंच विचारायचं होतं. प्रश्न प्रकल्प बघणाऱ्या मॅडमच्या मदतीनं मराठीत केले होते आणि मोबाईलवर भरायचा फॉर्म मी स्वतः बनवला होता. तो नीट चालतो का हे बघायला मी एकदा भरून पाहिला होता, वाटेल तिथे टिक करून. ‘कोणी हात उगारला?’ या प्रश्नाखाली पहिलं उत्तर ‘नवरा’ होतं, म्हणून तेच दाबलं होतं.

आता हे चुलतभावाकडं कसं गेलं ते सांगते. माझा मोबाईल त्यानंच दिलेला, त्याचाच जुना. त्यात मेल त्याचाच आहे. मला वेगळा मेल कधी लागलाच नाही. आणि फॉर्म बनवताना एक पर्याय आला होता, की उत्तरं देणाऱ्याला त्याच्या उत्तरांची प्रत पाठवायची का. मी ‘नेहमी’ निवडलं. माझे वडील कारखान्यात हंगामी कामगार आहेत. कुठंही कागद दिला की पोच घेतल्याशिवाय ते खिडकीवरून हलत नाहीत आणि आम्हालाही त्यांनी तेच शिकवलंय. मला वाटलं, आपण मुलींकडून एवढं घेतोय तर त्यांनाही पोच मिळायला हवी. ते निवडताना मला बरंसुद्धा वाटलं होतं. मॅडमनी प्रश्न तपासले होते, हे नाही. ही चूक माझी एकटीची आहे.

चुलतभाऊ हसतच निघून गेला. मी ओल्या हातांनी मोबाईल घेतला आणि उत्तरांचा तक्ता उघडला. त्यात मेलचा एक रकाना होता. एका मुलीनं दोनदा फॉर्म भरू नये म्हणून मोबाईलमधला मेल आपोआप नोंदला जाईल असं मी केलं होतं. पण कोणाची ओळख मला कळू नये म्हणून तो रकाना मी पहिल्याच दिवशी झाकून टाकला होता आणि त्यानंतर एकदाही पाहिला नव्हता. तो उघडला. एकाखाली एक पुरुषांची नावं. कोणाचा भाऊ, कोणाचे वडील, एक तर कोणाचे सासरे असावेत. माझ्यासारखेच मोबाईल होते सगळ्यांचे.

पण मला एकच मुलगी आठवली.

ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान, काष्टीजवळच्या एका वस्तीवरून रोज एसटीनं आमच्या तालुक्याच्या कॉलेजात यायची. बुधवारी लेडीज रूममध्ये बाकीच्या मुलींनी एकमेकींना कोपरानं ढोसत, हसत फॉर्म भरून टाकले. ती मात्र खिडकीपाशी जाऊन बसली. बराच वेळ टाईप करत होती. मग माझ्याकडं येऊन हळू आवाजात म्हणाली, “ताई, हे कुनाला कळनार न्हाई ना?”

“कुणालाच नाही. मलासुद्धा नाही,” मी म्हटलं.

गुरुवारी ती आली नाही. शुक्रवारीही नाही. मला वाटलं ताप असेल.

तिच्या फॉर्मची शेवटची चौकट मी आधीच वाचली होती, फक्त ती कोणाची हे मी स्वतःला विचारलं नव्हतं. ‘आणखी काही सांगायचं असल्यास’ याखाली लिहिलं होतं: ‘मोठा भाऊ पट्ट्याने मारतो. एसटी उशिरा आली तरी मारतो. आईला माहीत आहे.’ पुढच्या रकान्यात तिचंच आडनाव असलेला, पण पुरुषाच्या नावाचा मेल.

तिला फोन करावा तर तो कोण उचलेल माहीत नव्हतं. मेसेज करावा तर तो कोण वाचेल माहीत नव्हतं. मॅडमना फोन लावला, तो लागला नाही. मी आईला सांगितलं, मैत्रिणीला नोट्स द्यायच्यात, आणि दप्तरात हाताला लागली ती वही घालून निघाले. शनिवार काष्टीच्या बाजाराचा. मी मनात धरून चालले होते की भाऊ बाजारात असेल, घरी ती आणि आई असतील. एसटीत बाजारकरूंची गर्दी होती. एका म्हातारीनं मला विचारलं, “पोरी, अंगात ताप हाय का? सारखी पुटपुटतीयास.” मी नाही म्हटलं. सबंध रस्ताभर मी एकच करत होते, त्या मुलीशी बोललेलं वाक्य मनात परत परत म्हणत होते. कुणालाच नाही. मलासुद्धा नाही.

वस्तीवर पोचले तर अंगणात मोटरसायकल उभी.

तिची आई शेंगा फोडत बसली होती. मी नोट्सचं सांगितलं. “ये बाय, बस. बाहेरच बस, आत लई उकडतंय,” म्हणत तिनं प्लास्टिकची खुर्ची पुढं सरकवली. ती मुलगी दारात आली. मला पाहून तिच्या चेहऱ्यावर काहीच आलं नाही. लांब बाह्यांचा ड्रेस होता. “पानी आनते,” म्हणाली आणि आत गेली.

मग भाऊ बाहेर आला. पंचविशीच्या आतला, केस बारीक कापलेले, अंगात बनियन आणि ट्रॅकपँट. हातात मोबाईल. माझ्याकडं नीट बघत म्हणाला, “तुमीच का त्या सर्वे करनाऱ्या?”

मी “हो दादा” म्हटलं का नुसती मान हलवली, आता आठवत नाही.

“मग तुमाला येत आसंल हे,” तो म्हणाला. “पोलीस भरतीचा फॉर्म भरतोय. मेलवर ओटीपी येतो म्हनत्यात. सकाळधरनं शोधतोय, सापडंना. बगा बरं.”

आणि त्यानं मोबाईल माझ्या हातात दिला.

मी तो घेऊन बसले आणि तो माझ्या खुर्चीमागं उभा राहिला. त्याच्या श्वासाचा आवाज मला येत होता. मेल उघडायचा धीर होत नव्हता. मी भरतीचाच फॉर्म खालीवर करत राहिले. सकाळपासून हा माणूस मेल चाळतोय, एवढंच डोक्यात. तेवढ्यात शेजारच्या रानातून कोणीतरी ओरडलं, “आरं, लाईट आली!” विहिरीवरची मोटर चालू करायला तो तसाच धावत गेला.

मी मेल उघडला. त्या ढिगात आमचा मेल सापडायला वेळ लागला नाही. न वाचलेले मेल जाड अक्षरात दिसतात, हे तुम्हालाही माहीत असेल. आमचा मेल बारीक अक्षरात होता. म्हणजे उघडलेला होता.

ती पाण्याचा तांब्या घेऊन आली. आई शेंगांची पाटी घेऊन गोठ्याकडं वळली होती. मी मोबाईल तिच्याकडं वळवला. तिनं आपलीच वाक्यं वाचली. तांब्या तिनं अगदी सावकाश जमिनीवर ठेवला.

“माझं चुकलं,” मी म्हटलं. “प्रत पाठवायची सोय मीच चालू केली. तुझ्या मोबाईलमध्ये मेल तुझ्या भावाचा होता. मला माहीत नव्हतं.”

“म्हनून बंद केलं व्हय,” ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. “गुरुवारी म्हनला, कॉलेजला जायचं न्हाई. का, ते सांगितलं न्हाई. मोबाईल घेतला. मारलं पन न्हाई. बोलतच न्हाई. आन् मला काय कळंना, ताई, की ह्यो मारत का न्हाई.”

“पुसून टाकू का?”

ती विहिरीकडं बघत होती. माझा अंगठा पुसायच्या खुणेवर होता. पुसलं आणि त्यानं शोधलं, तर आम्ही दोघींनी ते पाहिलंय हे त्याला कळणार होतं. न पुसलं तर ते तिथंच राहणार होतं, त्याच्या खिशात, रोज. काय केलं म्हणजे तिला कमी मार बसेल याचा हिशेब मला येत नव्हता. कॉलेजात हे कोणी शिकवलं नव्हतं.

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “खोटं थोडीच हाय.”

तो हात पुसत परत आला. मी घाईघाईनं ओटीपी शोधला. तो नको असलेल्या मेलच्या कप्प्यात जाऊन बसला होता आणि त्याची मुदत संपली होती. नवा मागवला. फॉर्म पुढं सरकला. आता उठून जाता येत नव्हतं. मी एकेक रकाना मोठ्यानं वाचत होते आणि तो सांगत होता. जन्मतारीख. उंची. छाती. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, आत गेली नाही.

पुढचा प्रश्न मी आधी मनात वाचला. मग वाचावाच लागला.

“आपल्यावर कोणताही गुन्हा नोंद आहे का? होय की नाही.”

माझी नजर स्क्रीनवरच होती. बुधवारी मी मुलींना अशाच पद्धतीनं विचारलं होतं, होय की नाही, जमेल तेवढ्या साध्या आवाजात.

“न्हाई,” तो म्हणाला. “न्हाई लिवा.”

मी टिक केली आणि फॉर्म पाठवून दिला. मग तो माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला. आवाज अगदी हळू होता, आणि मला त्या आवाजाचीच जास्त भीती वाटली.

“ताई, तुमच्या त्या फॉर्मातली नावं पोलिसांत जात्यात का?”

“नाही,” मी म्हटलं. “आम्ही नावं कुणालाच देत नाही.”

हे वाक्य संमतीपत्रात होतं आणि मला पाठ होतं. पण ते तोंडातून गेलं आणि त्याचे खांदे सैल झालेले मला दिसले. मुलींना धीर यावा म्हणून लिहिलेलं ते वाक्य मी त्याला दिलं होतं. ते परत घ्यावं, काहीतरी वेगळं बोलावं, असं मला फार वाटलं.

“त्या देत न्हाईत,” दारातून ती म्हणाली. “मी नाव दिलं तर जातंय.”

गोठ्याकडून येणारी आई पाटी हातात धरून जागच्या जागी थांबली. तो उठला. तो उठला तेव्हा मी खुर्चीतून अर्धी उठले होते. पळायला की मध्ये पडायला, खरं सांगायचं तर मला अजून ठरवता आलेलं नाही.

“सोमवारी मी कॉलेजला जानार हाय,” ती म्हणाली. तिनं चौकट दोन्ही हातांनी धरली होती.

त्यानं माझ्या हातातून मोबाईल काढून घेतला. “फॉर्म गेला का?” त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, गेला. तो मोटरसायकलवर बसून बाजाराच्या दिशेनं निघून गेला.

आई मला म्हणाली, “तू जा आता, बाय. तो यायच्या आत जा.” रागानं नाही. मी तिला म्हटलं, “तिला घेऊन जाऊ का? आमच्या घरी?” आईनं मुलीकडं पाहिलं. मुलीनं मान हलवली. “आज न्हाई, ताई. सोमवारी येते म्हनलंय ना.”

एसटी मिळाल्यावर मॅडमचा फोन लागला. मी सगळं सांगितलं, माझी चूक आधी. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “आधी ती सोय बंद कर. बाकीच्यांचं आपण दोघी मिळून बघू.” रविवार सगळा त्यातच गेला. जिथं मुलगी स्वतः बोलेल अशी खात्री होती तिथं फोन केले, बाकीच्यांना सोमवारी वर्गात गाठायचं ठरलं. एक मुलगी म्हणाली, “आमचे बाबा मेल उघडतच न्हाईत.” एकीनं माझं वाक्य पुरं व्हायच्या आत फोन ठेवला. सर्वेक्षण तिथंच थांबवलं.

सोमवारी मी पहिल्या तासाला गेले नाही. एसटीच्या थांब्यावर उभी राहिले. पहिली गाडी आली, त्यात ती नव्हती. दुसरी आली, त्यातही नव्हती. तिसऱ्या गाडीतून कॉलेजची पोरं उतरली आणि सगळ्यांत शेवटी ती उतरली. मी तिच्या हातांकडं, चेहऱ्याकडं बघितलं. तिला ते कळलं. “न्हाई मारलं,” ती म्हणाली. “चला, तास बुडतोय.”

मॅडमनी तिच्याशी एकटीशी बोलून सगळे रस्ते सांगितले, तक्रारीचा आणि वसतिगृहाचाही. तिनं वसतिगृहाचा अर्ज घेतलाय, भरलेला नाही. ती रोज येते. भाऊ पहाटे पळायला जातो, गोळा फेकतो, घरात कोणाशी बोलत नाही. तिला वाटतं, भरतीसाठी तो हात आवरून आहे.

म्हणजे निकाल लागेपर्यंत. मी अजून रोज थांब्यावर उभी असते. तो नापास झाला तर राग कोणावर निघेल हे मला माहीत आहे. आणि पास होऊन अंगावर वर्दी आली तर काय, हा विचार मी पूर्ण करतच नाही. परवा गाडीतून उतरताना तिनंच मला विचारलं, “ताई, भरतीचा निकाल कधी लागतो, तुमाला मोबाईलवर कळंल का?”

मी म्हटलं, “बघते.”

“लागला की आधी मला सांगा,” ती म्हणाली. “त्याला कळायच्या आधी. मग त्यो वसतिगृहाचा अर्ज भरायला घेऊ.”

तेव्हापासून दर तासाला मी निकाल लागला का ते बघते.