नागनाथअप्पांची कोरडी पूजा

निजामाचं राज्य जाऊन आपला मुलूख विलीन झाला, त्यानंतर लवकरच मी नागनाथअप्पांच्या ओतशाळेत कामाला लागलो. तेव्हा घरोघरी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी येत होती आणि पितळेची घंगाळं, तांबे मोडीत निघत होते. ती मोड वितळवून अप्पा समया, घंटा आणि बैलांच्या गळ्यातल्या घाटी ओतत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हाताची पाठ मातीच्या साच्याला लावली आणि म्हणाले, "गार लागतंय का? मग आत ओल हाय. ओलीवर रस पडला की उडतो. कुणी बी घाई केली तरी आधी साचा वाळवायचा."

अप्पांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकात माझा लेख असावा, असं मंडळींनी ठरवलं, तेव्हा मला आनंदापेक्षा लाजच अधिक वाटली. माझा उजवा डोळा त्याच ओतशाळेत गेला, हे साऱ्या धाराशिवाला ठाऊक आहे. मी लिहायला बसलो की ती गोष्ट निघणारच. तेव्हा सांगूनच टाकतो.

खंडेनवमीला भट्टीची पूजा आणि दसऱ्याला मुहूर्ताची पहिली ओत, अशी आमची पद्धत. त्या दसऱ्याला अप्पांनी नारळ फोडला आणि भट्टीपुढं शिंपडायचं पाणी भक्तिभावानं साच्यावरही शिंपडलं. देवाच्या तीर्थाला ओल कोण म्हणणार? रस ओतला तसा तो उसळला आणि माझ्या तोंडावर आला.

दवाखान्यात कुणीतरी मलाच विचारलं, "काय रं मारुती, वाकून बघत हुतास व्हय?" मी तोंड उघडायच्या आत अप्पा म्हणाले, "त्याला कशाला इचारता? साचा म्या भिजवला." मालक माणसानं चारचौघांत असं बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

तेव्हापासून आमची पूजा कोरडी असते. फक्त हळद, कुंकू, अक्षता; नारळ फोडायचा तो उंबऱ्याबाहेर. गल्लीनं नावं ठेवली, अप्पांना देव नकोसा झाला म्हणाली. अप्पांनी पूजा कोरडीच ठेवली. सोलापूरहून त्यांनी जाड काचांचे चष्मे आणले, रस ओतणाऱ्यांसाठी चामड्याचे जोडे शिवून घेतले. कुणीही "ओल हाय" म्हटलं की ओत थांबायची. एकदा गावकरी देवळाची घंटा मुहूर्तावर ओतून घ्यायला वाजतगाजत आले होते. नव्या गड्याला साचा गार लागला. मुहूर्त टळला, गावकरी चिडून परत गेले. अप्पांनी त्या गड्याला शब्दानं दुखावलं नाही.

पण मला खरं ओशाळं करतो तो दसरा. सोनं घेऊन धाकट्यांनी थोरांकडे जायचं, ही आपली रीत. अप्पा मात्र दरवर्षी आपट्याची पानं घेऊन आधी माझ्या दारात येतात आणि माझ्या पायांशी वाकतात. बापाच्या वयाचा माणूस! शेजारीपाजारी बघत असतात, मी पाय मागं घेतो, मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. एकदा न राहवून म्हणालो, "अप्पा, आता पुरं करा. लई वर्षं झाली." तर म्हणाले, "डोळा आला का माघारी? मग गप ऱ्हा."

साठीच्या सत्कारालाही त्यांनी नकार दिला आहे. "शाल मारुतीच्या अंगावर घाला," एवढंच त्यांचं उत्तर. माझ्या एका डोळ्यापायी या माणसानं स्वतःला कुठलाच मान घेऊ दिला नाही, याची मला फार लाज वाटते. आज ओतशाळेत इतकी माणसं राबतात आणि धडधाकट घरी जातात, ती अप्पांमुळं. हे त्यांना कुणी सांगायचं? मीच सांगायला हवं.

अप्पांना उदंड आणि निरोगी आयुष्य मिळो, असं सर्वांच्या वतीनं मी आई भवानीला मागतो. माझ्यापुरतं एक मागणं मात्र अप्पांकडेच आहे. अप्पा, सत्काराला या. आणि येत्या दसऱ्याला घरीच बसा. सोनं घेऊन मी येईन, तुमच्या पाया पडेन. तेव्हा पाय मागं घेऊ नका.