खालच्या मजल्याचं नाक

भिंगरी हे नाव तिला साबणाच्या कारखान्यात चिकटलं. सात वर्षं ती तिथे पॅकिंगच्या टेबलाशी उभी होती, पण उभी होती ती फक्त हजेरीपटावर. हात खोक्यांवर, तोंड शेजारणीशी, लक्ष दाराकडे, आणि पाय कुठे भटकतायत ते तिचं तिलाही ठाऊक नसायचं. फोरमन म्हणायचा, "हिला खुर्ची दिली तर खुर्चीच चालायला लागेल."

नोकरी गेली ती मात्र पायांमुळे नाही, तोंडामुळे. पॅकिंगच्या मागे साबणात सुगंध मिसळायची खोली होती. तिथल्या बायकांची दुपारपर्यंत डोकी फुटायला यायची. एकीला तर जिन्यातच भोवळ आली. भिंगरी तडक फोरमनकडे गेली. तो दिवसभर त्याच खोलीत खुर्ची टाकून बसायचा. त्याने हवा हुंगली, मान हलवली आणि म्हणाला, "वास? कसला वास? मला तर काही येत नाही."

भिंगरीने पॅकिंगचा पट्टा बंद पाडला. अकरा दिवस बायका फाटकाशी बसून राहिल्या. बाराव्या दिवशी भिंतीला भोक पडलं आणि पंखा बसला. पुढच्याच महिन्यात भिंगरीला घरचा रस्ता दाखवला. पंखा अजून फिरतो. त्या बाजूने जाताना ती मान वर करून बघते आणि पुढे चालू लागते. सात वर्षांचं तेवढंच पेन्शन तिच्या पदरात पडलं.

घरी बसणं तिला जमणाऱ्यातलं नव्हतंच. महिनाभरात तिने कपाटं तीनदा लावली, नवऱ्याचे सदरे उसवून पुन्हा शिवले, आणि चौथ्यांदा कपाटाला हात घातला तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, काहीतरी उद्योग काढ, नाहीतर हे घर मोडकळीला येईल." नवरा शाळेची व्हॅन चालवायचा. रोज चाळीस पोरांचा कलकलाट ऐकून घरी आला की त्याला भिंतीसुद्धा गप्प असलेल्या हव्या असायच्या.

मग तिने सुगंधी मेणबत्त्या काढल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, दोन हात लांब ओट्यावर. पातेल्यात पाणी, पाण्यात डबा, डब्यात मेण. मेण पाणी पाणी झालं की खाली उतरवायचं, निवू द्यायचं, मग सुगंधी तेल घालून ढवळायचं आणि काचेच्या बरण्यांत ओतायचं. वात मधोमध ताठ राहावी म्हणून वर कपड्यांचे चिमटे आडवे. एवढं झालं की दोन आठवडे बरण्यांना हात लावायचा नाही. मेणात सुगंध मुरावा लागतो.

निवू द्यायचं म्हणजे दहा मिनिटं. आयुष्यात कुणी तिला दहा मिनिटं दिली नव्हती, आणि तिनेही कुणाला दिली नव्हती. दोन-तीन मिनिटांतच तेलाची बाटली तिच्या हातात यायची. आणि मुरायला ठेवलेल्या बरण्यांची झाकणं काढून ती रोज हुंगायची. नवरा म्हणायचा, "झोपलेलं पोर उठवू नकोस गं."

पण माल खपू लागला. सुगंधांना तिने नावं दिली होती: धुतलेली चादर, नवी वही, संत्र्याची साल. बाजारातली एक भेटवस्तूंची दुकानदारीण दर मंगळवारी दोन खोकी घेऊ लागली. तरी नवऱ्याकडचे पाहुणे विचारायचेच, "वेळ छान जातो ना?" भिंगरीच्या मस्तकात तिडीक उठायची. तेच मेण, तेच तेल कारखान्यात ढवळलं की त्याला उत्पादन म्हणतात, आणि बाईने ओट्यावर ढवळलं की वेळ जातो! ती उत्तर द्यायची, "वेळ जात नाही, माल जातो."

दुसरं वर्ष लागलं आणि तिला वाटायला लागलं की मेणबत्त्यांचा दम उतरलाय. झाकण काढावं तर वास कसा, आला आला आणि गेला. "मेले तेलात भेसळ करतात," ती म्हणाली आणि तेल वाढवलं. शंभर ग्रॅम मेणाला सहा ग्रॅम घालायची, ते आठ केलं. मग दहा. मग बारा. बरण्यांतल्या मेणाला घाम सुटला, वर तेलाचे थेंब दिसू लागले. तिने ते फडक्याने टिपले आणि झाकणं घट्ट लावली.

आठवड्याभरात दोन गोष्टी घडल्या. दुकानदारिणीने अर्धं खोकं परत पाठवलं, सोबत निरोप: गिऱ्हाइकांची डोकी उठतायत. आणि इमारतीच्या कमिटीची नोटीस आली. दुसऱ्या मजल्यावरच्या रहिवाशांची तक्रार आहे, घरात चालणारं मेणबत्त्यांचं काम बंद करावं की कसं, याचा निर्णय रविवारच्या सभेत होईल.

दुसऱ्या मजल्यावरचे रहिवासी म्हणजे घड्याळवाले काका. बरोबर तिच्या पायांखाली राहायचे, एकटे. घरीच घड्याळं दुरुस्त करायचे. भिंगरीने त्यांना जिन्यातच गाठलं.

"काका, आमच्या पोटावर पाय द्यायला दुसरा कुणी नाही मिळाला?"

"पाय कुठे देतोय, बाई? नाक मुठीत धरून जगतोय. तुमचा तो वास..."

"वास? कसला वास? मला तर काही येत नाही!"

 काका पिशवी सावरत खाली उतरले. भिंगरीला वाटलं, जिंकले.

जिंकलेली बाई स्वस्थ बसते होय? त्याच संध्याकाळी तिने 'काम चालू राहावं' असा एक कागद लिहिला आणि घरोघर सह्या मागत सुटली. फाटक अडवलेली बाई ती, सह्यांचं तिला काय! तीन दिवसांत सतरा झाल्या. पहिल्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी तर न वाचताच सही ठोकली आणि विचारलं, "पाण्याच्या टाकीचंच आहे ना?"

सभेच्या तीन दिवस आधी, गुरुवारी, नणंद आली. तासाभराच्या अंतरावरच्या गावात राहायची, सहा महिन्यांनी येत होती. भिंगरीने दार उघडलं. नणंद उंबऱ्यातच थांबली आणि पदर नाकाला लावला.

"वहिनी, काय सांडलंय घरात?"

"काही नाही सांडलं."

"मग बाटली फुटली का एखादी?"

"अगं, कसला वास येतोय तुला?"

"कसला नाही ते विचार! दादा, तुला येत नाही?"

नवऱ्याने पेपरमागूनच हवा हुंगली. "छे. मला तर काही नाही."

"दोघांची नाकं मेलीत," नणंद म्हणाली. "माणूस ज्या वासात राहतो तो त्याला येईनासा होतो. माझ्या शेजारी मासळीवाली राहते, तिला विचार, मासळीला वास असतो का. म्हणते, ताज्या मासळीला कुठला वास! तू चल माझ्याकडे. दोन दिवस राहा आणि मग येऊन हेच दार उघड."

भिंगरी चिडली, भांडली आणि गेली. ते दोन दिवस नणंदेच्या घराने सोसले. पहिल्या दिवशी तिने सगळे डबे उतरवून पुसले. दुसऱ्या दिवशी खिळखिळं झालेलं स्टूल ठोकून सरळ केलं, मग चांगलं असलेलंही ठोकलं. नणंद म्हणाली, "वहिनी, तू बसतेस का मी घर सोडून जाऊ?" भिंगरी बसली. बसल्या जागी पाय हलत राहिला. डोक्यात एकच घोळ: नणंद खोटी असेल तर ठीक. पण खरी असेल तर सतरा सह्यांचं काय करायचं?

शनिवारी दुपारी ती परतली. खालच्या दारात कसलाच वास नव्हता. पहिल्या मजल्यावर कुणीतरी साबणाने फरशी पुसल्यासारखं वाटलं. दुसऱ्या मजल्याकडे वळली आणि तिने पदर नाकाला लावला. दालचिनी, व्हॅनिला, संत्र्याची साल, सगळं एकमेकांच्या उरावर बसलेलं, गोड, जड, ओकारी आणणारं. घड्याळवाल्यांच्या दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबलेला होता.

भिंगरी त्या टॉवेलकडे बघत उभी राहिली. कानात एक वाक्य वाजलं. वाक्य तिचं होतं, आवाज फोरमनचा.

ती तीन पायऱ्या वर चढली. दोन खाली आली. पुन्हा एक चढली. तिच्यासारख्या बाईला माफी मागणं म्हणजे दात उपटून हातात देणं. शेवटी स्वतःवरच चिडून तिने दार असं ठोकलं की आतून आवाज आला, "आग लागलीय का?"

काकांच्या कपाळावर भिंग चढवलेलं होतं. "आता काय, माझ्याविरुद्ध माझीच सही हवी?"

"आत येऊ?"

"या. वास तर आधीच आलाय."

खोलीत एक टेबल, टेबलावर उघडी पडलेली घड्याळं, आणि खिडक्या कडेकोट बंद.

"खिडकी का नाही उघडत?"

"धूळ येते. केसाहून बारीक स्प्रिंग असते बाई, एक कण बसला की घड्याळ गेलं. समोरून बंद ठेवतो, तर मागून तुमचं येतं." त्यांनी न्हाणीघराकडे बोट दाखवलं. इमारतीत हवेसाठी वरपासून खालपर्यंत उभा बोळ ठेवलेला होता, डक्ट म्हणतात तो. तिच्या स्वयंपाकघराची आणि यांच्या न्हाणीघराची खिडकी त्यातच उघडायची. त्या खिडकीलाही ओला टॉवेल. "दुपार झाली की एक डोळा ठणकतो, तो मिटतो. दुसऱ्यावर भिंग. मग रस्ता बघायला डोळा उरला कुठला?"

"आधी सांगायचं होतंत."

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात..."

"काय म्हणाले ते माहितीय मला," भिंगरी ओरडली. मग आवाज खाली आला. "चुकलं माझं."

काकांनी भिंग डोळ्यावर उतरवलं आणि तिच्याकडे नीट बघितलं, बिघडलेल्या घड्याळाकडे बघावं तसं.

रविवारी सेक्रेटरी ठराव टाइप करूनच आला होता. त्याने घसा खाकरायच्या आत भिंगरी उभी राहिली. "तक्रार खरी आहे," ती म्हणाली.  सतरा सह्यांवाले एकमेकांची तोंडं बघू लागले. "मला एक महिना द्या. पंखा बसवते, तेल कमी करते. महिन्याने काकांनी वास गेला म्हणून सही दिली तर काम चालू. नाहीतर पातेलं मी स्वतः खाली उतरवीन."

"आणि त्यांनी मुद्दाम नाही दिली तर?" सेक्रेटरीने विचारलं.

"ते मुद्दाम काही करत नाहीत. ते घड्याळं दुरुस्त करतात."

नवऱ्याने कपाळावर हात मारला. सगळा धंदा तिने एका माणसाच्या नाकावर ठेवला होता.

महिना कसा गेला ते विचारू नका. डक्टकडची खिडकी तिने बंद केली आणि रस्त्याकडच्या भिंतीला पंखा बसवला, भोक स्वतः पाडलं. तेल बारावरून पुन्हा सहावर आणलं. दुकानदारिणीला सांगितलं, नवा माल मुरल्याशिवाय मिळणार नाही. आणि मग वाट बघायची. स्वतःच्या नाकावर भरवसा नाही, त्यामुळे हुंगूनही उपयोग नाही. ती जिना उतरायची, काकांच्या दारापर्यंत जायची, परत यायची. दिवसातून दहा वेळा.

महिना भरायला चार दिवस उरले तेव्हा कागद घेऊन ती खाली गेली. काकांनी दार उघडलं, कागद बघितला आणि पेन शोधू लागले. "द्या, करतो सही. कशाला ताटकळायचं."

"वास गेला?"

"करतो म्हटलं ना."

भिंगरीची नजर न्हाणीघराच्या खिडकीवर गेली. टॉवेल तिथेच होता. तिने पुढे होऊन हात लावला. ओला.

"हे काय मग?"

"सवय झालीय. राहू द्या. तुम्ही इतकी धडपड केलीत, भिंत फोडलीत..."

"काका, कागद द्या इकडे." तिने तो अक्षरशः ओढून घेतला. "दया नकोय मला. दया करणारे चिक्कार आहेत, वेळ छान जातो का विचारतात. तुम्ही मला वास सांगा."

काकांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "रोज नाही येत. बाकीचे दिवस ठीक आहे. मंगळवारी येतो. सकाळी अकराच्या सुमाराला तुमच्या बंद खिडकीच्या फटींतून भपकारा येतो आणि तासभर राहतो."

भिंगरी जागच्या जागी थांबली. मंगळवारी बाराला दुकानाची गाडी मुरलेला माल न्यायला यायची, आणि त्याआधी ओतणं आटपून खोकी भरायची असायची. म्हणून मंगळवारचं मेण घाईचं. एरवी दोन-तीन मिनिटं तरी निवायचं; घाई म्हणजे, उतरवल्या उतरवल्या कढत मेणात तेल. कढत मेण तेलाला धरून ठेवत नाही, उडवून लावतं. अर्धा सुगंध बरणीत जायच्या आधीच हवेत. म्हणून तर तिच्या मेणबत्त्यांचा दम उतरत होता, म्हणून तर ती तेल वाढवत होती! भेसळवाल्यांना दिलेल्या शिव्या तिला एकेक करून परत गिळाव्या लागल्या.

"दहा मिनिटं," ती पुटपुटली. "मेल्या दहा मिनिटांसाठी."

पुढच्या मंगळवारी तिने मेण उतरवलं, भिंतीवरच्या घड्याळाखाली स्टूल ठेवलं आणि त्यावर बसली. हात मांड्यांखाली दाबून धरले. तिसऱ्या मिनिटाला उजवा हात निसटून बाटलीपर्यंत गेला. नवरा दारातून म्हणाला, "हं!" हात परत आला. सहाव्या मिनिटाला गाडीवाल्याचा हॉर्न वाजला. लवकर आला होता मेला. तिने खिडकीतून ओरडून सांगितलं, "थांब! मी थांबलेय ना!"

दहा मिनिटं झाली. तिने तेल घातलं, ढवळलं, ओतलं, चिमटे लावले. मग डक्टची खिडकी किलकिली करून खाली हाक मारली, "काका! ओतलं!"

 ती टाचा उंचावून कान देत राहिली.  अकरा वाजून गेले. सव्वाअकरा.

मग खाली खिडकी उघडल्याचा आवाज झाला, आणि डक्टमधल्या दोरीवर काहीतरी फटकन पडलं. तिने वाकून पाहिलं. टॉवेल होता, पिळून, वाळत घातलेला.

"बाई," खालून काका ओरडले, "कागद आणता की मी वर येऊ?"

भिंगरी तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या अर्ध्या जिन्यावर होती.