पप्पांचं अक्षर, दहा चौकोनांचं

माझं मराठी अक्षर वाईट आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठीचे तास मोजके, त्यात माझे 'भ' आणि 'म' बाईंना वेगळे ओळखू यायचे नाहीत. म्हणून स्वतःचा पिक्सेल फॉन्ट करायचं मनात आलं तेव्हा अक्षरं पप्पांची घ्यायची, हे वेगळं ठरवावंच लागलं नाही.

पप्पा लातूरला एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवतात. मोठा हॉल, खच्चून भरलेला. त्यांचं फळ्यावरचं अक्षर शेवटच्या बाकावरूनही वाचता येतं. क्लासमध्ये त्यांची किंमत आहे ती बरीचशी या अक्षरामुळे.

फॉन्ट करायला पैसे लागत नाहीत. एक वेबसाइट उघडायची. तिथे चौकोनांची जाळी असते. हवा तो चौकोन टिचकी मारून काळा करायचा, अक्षर झालं की जतन करायचं. मी दिवाळीत पप्पांना ग्राफ पेपर दिला.

"एका वेळी एक ओळ लिहा. आज फक्त क ते ङ."

"हाव माय," पप्पा म्हणाले. "गृहपाठ का हा?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "कंप्युटरमधी अक्षरं कमी हायत का, म्हणून ह्यांना बसवून राहिलीस?"

मी कॉलेजला नांदेडला असते. दोन-तीन आठवड्यांनी घरी यायचे, पप्पांकडून पुढची ओळ लिहून घ्यायचे आणि हॉस्टेलवर बसून ती जाळीत उतरवायचे. कागदावर एक अक्षर दहा बारीक चौकोन उंच, म्हणून जाळीतही दहा. ट आणि ठ तर इतके देखणे होते, की एक चौकोनही इकडचा तिकडे करावा लागला नाही.

त वर्गाच्या ओळीत अक्षरं नऊच चौकोनांची भरली, शेवटचा 'न' आठाचा. पप्पा क्लासवरून दमून आले असतील, घाईत लिहिलं असेल, असं मला वाटलं. मी एक चौकोन वरून वाढवला, 'न'ला दोन. पुढच्या ओळीत दोन वाढवले. जाळीत अक्षरं लहानमोठी दिसली की माझ्या डोळ्यांना खुपायचं, आणि एवढी दुरुस्ती मला कामाचाच भाग वाटली.

मार्चमध्ये जेवताना पप्पा हसत सांगत होते, "मागच्या बाकावरची पोरं लई आगाव. म्हणतात, सर, फळा वाचायला दुर्बीण आणू का?"

आई हसली. मीही हसले. हसता हसता मला दिसलं, की पप्पा भाकरी डाव्या हाताने मोडतायत. उजवा हात मांडीवर होता.

त्यानंतर मी बघत राहिले. मला बोलता येत नाही फारसं, बघता येतं. चालताना त्यांचा उजवा हात हलत नव्हता, खिशात काहीतरी जपून ठेवल्यासारखा अंगाशी राहायचा. शर्टाची बटणं ते दार लावून घेऊन लावायला लागले होते.

नांदेडला परतताना बस चाकूरला थांबली, तेव्हा मी पिशवीतून सगळे कागद काढले आणि मांडीवर एकाखाली एक लावले. क दहा. प आठ. ह सहा. ओळीतही तेच, पहिलं अक्षर मोठं आणि शेवटचं आक्रसलेलं, जणू कागदाची कड जवळ येत होती. कड तर लांब होती. मोबाइलवर शोधलं. मेंदूच्या एका आजारात अक्षर असंच बारीक होत जातं, हात थरथरायला लागण्याच्याही आधी. बस सुटली. मी कागद परत पिशवीत घातले.

दोन-अडीच महिने मी तेच अक्षर ओढून मोठं करत होते.

पुढच्या वेळी घरी गेले तेव्हा आई बाजारात होती. मी लॅपटॉप पप्पांसमोर ठेवला. सगळी ओळ एका उंचीची, काळी, ठसठशीत.

"हे माझं न्हाई," ते म्हणाले. "माझं आता एवढं मोठं येत न्हाई."

म्हणजे त्यांना माहीत होतं.

मी कागद पुढे केले. त्यांनी ते पाहिले नाहीत, उलटे करून ठेवले.

"आईला दाखवलंस?"

"नाही."

"नको. पोरांची परीक्षा होऊ दे. क्लासवाल्यांना कळलं तर हातात खडू देणार न्हाईत."

गप्प बसणं मला सगळ्यात सोपं जातं. पप्पांना ते माहीत आहे, म्हणूनच त्यांनी माझ्याकडे तेच मागितलं.

"सोमवारी माझ्यासोबत नांदेडला चला," मी म्हणाले. "डॉक्टरांचा नंबर लावलाय. नाही आलात तर मी आईला सांगेन."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. पप्पांनी पेन मागितला.

"ज्ञ राहिलाय ना तुझा?"

त्यांनी मनगट डाव्या हाताने धरलं आणि लिहायला घेतलं. पेन एका जागी अडकून राहायचा, मग हळू सुटायचा. बाहेर फाटक वाजलं. आईच्या चपला अंगणात आल्या तरी ज्ञचा दांडा व्हायचा होता.

"झाला का बापलेकीचा खेळ?" आईने दारातून विचारलं. आम्ही दोघंही कागदाकडे बघत होतो.

ज्ञ पाच चौकोनांचा झाला. मी तो तसाच जाळीत भरला.