बारशाच्या दिवशी बंद पडलेलं नेट

मी संशयी आहे. हे मी म्हटलं तर चालतं, नवरा म्हणाला की भांडण होतं. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो त्याच आठवड्यात मी जिन्यातल्या बल्बवर खूण करून ठेवली होती, कुणी बदलून नेला तर कळावं म्हणून. अशा बाईच्या घरी वायफाय आलं. दोन हजार सालानंतरची आठ-नऊ वर्षं उलटली असतील तेव्हा.

वायफाय म्हणजे भिंतीतून आरपार जाणारी वस्तू! माझ्या घरात आहे म्हणजे वरच्यांच्याही घरात असणारच की. वरच्या मजल्यावर सटाण्याकडचं एक जोडपं भाड्याने राहत होतं. तो औषध कंपनीत एमआर होता. रोज सकाळी खांद्याला काळी बॅग लावून निघायचा. त्या बॅगेत लॅपटॉप आहे, हे मी मनाशी ठरवून टाकलं. मग आमचं नेट महिना संपायच्या आत रेंगाळायला लागलं, तेव्हा मला पुरावाच मिळाला. मी तीनदा पासवर्ड बदलला. तरी समाधान होईना, म्हणून नेटवाल्याला बोलावून राउटरला कुलूप घालून घेतलं: रात्री बारा ते सकाळी सहा नेट बंद. आम्ही झोपलेले असताना वरचे ओढत असणार, दुसरं काय!

त्यानंतर एक नवीनच डोकेदुखी सुरू झाली. अधूनमधून भरदिवसा नेट जायचं. वायफाय जोडलेलं, कांड्या सगळ्या भरलेल्या, आणि त्यावर पिवळा त्रिकोण. एकही पान उघडायचं नाही. नवरा म्हणायचा, लाइनीत काहीतरी बिघाड असेल. मी म्हणायचे, बिघाड वरच्या मजल्यावर आहे.

हे सगळं मी पोटात ठेवलं असतं. पण अमेरिकेत माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली आणि मी आत्या झाले. एकुलती एक आत्या. भाऊ म्हणाला, “ताई, आम्ही नाव ठरवलेलंच नाही. आपल्यात आत्याच ठेवते ना? पाळण्यात लॅपटॉप धरतो. तू कुर्रर्र कर आणि कानात सांग. तू सांगशील तेच नाव.” पंचवटीतल्या आमच्या गुरुजींनी मुहूर्त काढून दिला, आपल्याकडचे संध्याकाळी साडेपाच ते सहा.

बारा दिवस मी दुसरं काही केलं नाही. सापडलं शेवटी नाव! इतकं आवडलं की भाजी चिरताना मनातल्या मनात त्या नावाने हाका मारायचे. पण सांगितलं कुणालाच नाही. भावजयीची आई बाळंतपणाला तिकडे गेलेली. तिला आधी कळलं तर ती काहीतरी खुसपट काढणार, ही माझी खात्री. नवऱ्यालाही सांगितलं नाही, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

बारशाच्या दिवशी नवरा सातपूरला दुसऱ्या पाळीला गेलेला. भारनियमनाची गेलेली लाईट चारला आली. मी पैठणी नेसले, नथ घातली, पाचला लॅपटॉप उघडला. कांड्या भरलेल्या. त्रिकोण पिवळा.

“आज? आजच?” मी मोठ्याने ओरडले.

लॅपटॉप बंद करून चालू केला. तेच. राउटरची वायर काढली, तीस आकडे मोजले, परत लावली. तेच. नेटवाल्याला फोन केला तर तो म्हणतो, “सगळे दिवे लागलेत ना मॅडम? मग आमच्याकडून ओके आहे. बंद करून चालू करा.” हाही वरच्यांना सामील असणार! परत वायर काढली, परत लावली. साडेपाच वाजले. तेवढ्यात वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि माझं डोकंच फिरलं.

कोपऱ्यावरच्या बूथवर धावत जाऊन भावाला फोन लावायचा, एवढी साधी गोष्ट सुचली नाही. माझ्या मोबाईलवरून परदेशात फोन लागत नसे. तो मोबाईल टेबलावर तसाच टाकून मी पैठणीचा काठ सावरत जिना चढले.

दार तिने उघडलं. मी सुरूच झाले. आमचं नेट ओढता, लाज नाही वाटत, माझ्या भाचीचं बारसं आहे, बंद करा आधी ते. ती माझ्या नथीकडे बघतच राहिली. मग म्हणाली, “ताई, आमच्याकडं कॉम्प्युटरच नाय.”

“मग ती काळी बॅग?”

तिचा नवरा नुकताच बॅग टाकून बाहेर गेला होता; तिने ती आणून माझ्यापुढे उघडली. गोळ्यांची पाकिटं, पेनं आणि जेवणाचा डबा. माझं तरी समाधान नाही. मी म्हटलं, मग दुसरीकडे ठेवला असेल. तिने बाजूला होऊन दार पूर्ण उघडलं, “या, बघून घ्या.” आणि मी, माझ्या तोंडाला काळं लागो, खरंच आत गेले. दोन खोल्या. एक पलंग, एक टीव्ही. मी कपाटापर्यंत पोचले होते.

खाली आले तेव्हा सहा वाजून गेले होते. मोबाईल थरथरत होता.

“ताई, कुठे होतीस तू? पाच वेळा फोन केला,” भाऊ म्हणाला. “मुहूर्त टळत होता गं. नाव तर कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी हिच्या आईने सुचेल ते ठेवलं. रागावलीस?”

“नाही रे,” मी म्हटलं. नाव विचारलं. त्याने सांगितलं. चांगलं होतं, खोड काढायला जागा नव्हती. फोन ठेवल्यावर मी मिस्ड कॉल मोजले. खरंच पाच होते. मग पैठणीसकट जमिनीवर बसून रडले.

दुसऱ्या दिवशी नेटवाला आला. त्याने पहिला प्रश्न विचारला, “काल लाईट गेली होती का?” राउटरला स्वतःचं घड्याळ असतं म्हणे, आणि वीज गेली की ते पुन्हा रात्री बारापासून सुरू होतं. कुलूप बारा ते सहा. म्हणजे चारला लाईट आली तेव्हा माझ्या राउटरची मध्यरात्र झाली आणि त्याने इमानेइतबारे नेट बंद ठेवलं. मी जितक्यांदा वायर काढून लावली तितक्यांदा त्याची मध्यरात्र नव्याने सुरू झाली. वरच्यांनी काही ओढलं नव्हतं. मीच घातलेलं कुलूप होतं ते. काढून टाक म्हटलं.

वर जाऊन माफी मागितली. तिने चहा केला, पण मला आत या म्हणाली नाही. दारातच प्यायले.

भाची आता मोठी झाली आहे. मोडक्या मराठीत का होईना, पण बोलते माझ्याशी. परवा तिने विचारलं, “आत्या, बाबा म्हणतो माझं नाव तू ठेवणार होतीस. काय ठेवणार होतीस?”

ते नाव जिभेवर आलं होतं. इतकी वर्षं झाली, पण मी ते अजून एकदाही मोठ्याने उच्चारलेलं नाही.

“हेच,” मी म्हटलं.