सात नंबरच्या दालनाची वही

संग्रहालयातलं सात नंबरचं दालन मावशींचं. एकवीस वर्षं त्या दारापाशी लाकडी खुर्चीवर बसून लोकांचे हात चित्रांपासून लांब ठेवत आल्या होत्या. नोकरीची दोनच वर्षं उरली होती, आणि नवरा अंथरुणाला खिळल्यापासून घर त्यांच्यावरच चाललं होतं. दर रविवारी संध्याकाळी दालन बंद करताना प्रत्येक चित्राची अवस्था वहीत लिहायची आणि सोमवारी त्यावर क्युरेटरची सही घ्यायची, हा तिथला नियम. मावशी इमानेइतबारे लिहायच्या. क्युरेटर साहेब फोनवर बोलता बोलता, पान न बघता सही ठोकायचे.

साहेबांना बोलायचा भारी सोस. दर शनिवारी ते आधुनिक चित्रकलेवर जाहीर व्याख्यान द्यायचे. मावशींना हा माणूस डोळ्यांसमोर नको असे. एकदा भर व्याख्यानात त्यांच्याकडे बोट दाखवून तो म्हणाला होता, की या बाई वीस वर्षं चित्रांसमोर बसल्या आहेत, पण यांना काही दिसत नाही. लोक हसले होते. ते हसू मावशी विसरल्या नव्हत्या, आणि का विसराव्यात?

त्या वर्षी साहेबांनी व्याख्यानांसाठी मावशींच्याच दालनातलं एक भलंमोठं पांढरं चित्र धरलं होतं. त्याच्या वरच्या कोपऱ्यात तपकिरी डाग होता. हा डाग म्हणजे चित्रकाराचं उतारवयातलं दुःख, असं ते सलग तीन शनिवार सांगत होते आणि लोक माना डोलवत होते. डाग होता वरच्या एसीच्या नळीतून गळणाऱ्या पाण्याचा. मावशींनी तो नऊ आठवडे वहीत लिहिला होता. एकदा तोंडी सांगायलाही गेल्या, तर साहेबांनी लेखी द्या म्हणून वाटेला लावलं.

चौथ्या शनिवारी चित्रकाराची मुलगी ऐकायला आली. साहेब दुःखावर आले तशी ती उठून म्हणाली, की हे चित्र बारा वर्षं आमच्या जेवणाच्या खोलीत होतं आणि त्यावर असला डाग नव्हता.

साहेबांनी वर डागाकडे पाहिलं. मग ते मावशींकडे वळले.

"फरशी पुसताना बाईंनी पाणी उडवलं असणार. सोमवारी यांना कामावरून काढतो."

चोर सोडून संन्याशाला फाशी. डाग माणसाच्या डोक्याच्याही वर, आणि फरशी पुसणं मावशींचं कामच नव्हतं. त्यांच्या अंगाची लाही लाही झाली. खुर्चीखालची वही काढून त्यांनी त्या मुलीच्या हातात दिली.

"मोठ्यानं वाचा, ताई. खाली सही कुणाची आहे, तेही वाचा."

तिनं नऊच्या नऊ नोंदी वाचल्या, आणि प्रत्येकीखालचं साहेबांचं नावही. या वेळी कुणी हसलं नाही.

चित्र दुरुस्तीला गेलं, मावशींची नोकरी वाचली. पण साहेब कसले सुधारतात! पुढच्या शनिवारी त्याच मोकळ्या भिंतीसमोर उभं राहून त्यांनी चित्राच्या नसण्यावर तासभर व्याख्यान झोडलं. लोकांनी तेव्हाही माना डोलवल्या.

सोमवारी मात्र साहेबांनी वही पहिल्यांदाच वाचली. 'चित्र जागेवर नाही. भिंत ओली. पाणी अजून गळतं आहे.' शेवटचं वाक्य तेवढं खोडा, वरच्यांना ते बरं दिसणार नाही, असं ते हळू आवाजात म्हणाले.

मावशींनी पेन पुढे केलं.

"मला कुठं काय दिसतं, साहेब," त्या म्हणाल्या. "तुम्ही सही करा."