सू-ओने खाली उतरवलेले अँटेना

तायचुंग शहराच्या टेलिफोन केंद्रात लोकांचे कॉल जोडून देण्यात चियेन सू-ओची बारा वर्षं गेली. यंत्रं आली तशा बाकीच्या जणी दुकानांत नाहीतर घरी गेल्या. सू-ओ संध्याकाळच्या वर्गात रेडिओ शिकली आणि एका मोबाइल कंपनीच्या नियोजन खात्यात चिकटली. १९९८ साली नानतोऊचे चहाचे डोंगर तिच्या वाट्याला आले.

एका गावाची तक्रार होती, वळणावर बोलणं तुटतं. तिचे वरिष्ठ वू साहेब म्हणाले, "मनोरा उंच करा, मिटलं."

सू-ओने आधी गाडी काढली. चार दिवस तोच रस्ता वरखाली केला, दर शंभर मीटरला आकडे टिपले. सिग्नल भरपूर होता. पण डोंगरापलीकडच्या गावाचा मनोराही तिथवर पोचत होता आणि दोन्ही मनोऱ्यांची फ्रिक्वेन्सी एकच होती. फ्रिक्वेन्सी मोजक्याच असतात. लांबच्या मनोऱ्यांना त्याच पुन्हा द्याव्या लागतात. मात्र त्यांनी एकमेकांच्या हद्दीत डोकवायचं नसतं.

म्हणजे खाली आणायला हवे होते पलीकडच्या मनोऱ्यावरचे अँटेना. तिथे तर सगळे खूश होते.

मनोरा तिथल्या देवळाच्या जागेत होता, म्हणून समितीची परवानगी हवी होती. समितीचे प्रमुख लाय काका चहा ओतता ओतता थांबले. "खाली? अगं बाई, आख्ख्या खोऱ्यात उंच मनोरा आमचा!"

"काका, उत्सवात दोन गावांची नाटकं एकदम लागली आणि तुम्ही भोंगा पूर्ण सोडलात, तर त्यांना त्यांचं नाटक कळेल का?"

"मग त्यांनीही सोडावा!"

"मग तुम्हालाही तुमचं कळणार नाही."

काका हसले. "शहरात हेच शिकवतात वाटतं, भांडायला?" पण अर्जावर शिक्का मारला.

अँटेना बारा मीटर खाली घेतले, जरा जमिनीकडे झुकवले. वळणावरचं बोलणं तुटायचं थांबलं. आणि काकांच्या गावात टेकडीमागच्या सात घरांचे फोन मुके झाले. त्यातलं एक काकांच्या बहिणीचं.

सू-ओने तिकडे गाडी नेलीच नव्हती. काका रोज सकाळी आठला ऑफिसात फोन करून तिला झोडपत. "चूक माझीच आहे," एवढंच ती म्हणे. सात घरांसाठी वू साहेब पैसे सोडेनात. तिने तीनदा प्रस्ताव लिहिला. दोन महिन्यांनी तिथल्या चहा सुकवायच्या शेडवर सिग्नल पोचवणारं एक छोटं केंद्र बसलं.

त्यानंतर कुठलाही अँटेना हलवण्याआधी ती टेकडीमागे जाऊन यायची, नवीन लोकांनाही पाठवायची. ते कुरकुरत. "चिखल आहे मॅडम तिकडे."

"बूट घाला," सू-ओ म्हणायची.